जुनी ब्रिटिश मोटारसायकल ओळखायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजोबांची, मामांची, नाहीतर भंगारातून उचललेली गाडी, सोबत टाकीचे चार फोटो आणि खाली एकच ओळ: "ही कुठली?" अशा निरोपांना उत्तरं देताना तेच ते मुद्दे पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते इथे एकत्र केलेत. भर बीएसए, नॉर्टन, मॅचलेस, एजेएस, ट्रायम्फ आणि रॉयल एनफील्डवर आहे, कारण आपल्याकडच्या गोठ्यांत आणि गॅरेजांत निघतात त्या बहुतेक याच. फोटो पाठवताना आधी नंबरांचे पाठवा, टाकीचा शेवटी.

१. विंटेज नेमकं कशाला म्हणायचं? माझी १९५६ ची बुलेट विंटेज धरतात का?

कोण विचारतंय त्यावर आहे. ब्रिटनच्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबच्या हिशेबात १९१४ अखेरपर्यंतच्या गाड्या 'व्हेटरन', १९१५ ते १९३० च्या 'विंटेज' आणि त्यापुढे दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या 'पोस्ट-विंटेज'. भारतात २०२१ मध्ये केंद्र सरकारने जे नियम केले त्यांत पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी विंटेज ठरते. म्हणजे तुमची बुलेट आरटीओत विंटेज, इंग्लंडच्या क्लबात नाही. नोंदणीचं प्र. १९ मध्ये पाहा.

२. टाकीवर बीएसएचा बिल्ला आहे. मग गाडी बीएसएच ना?

बिल्ल्यावर अजिबात जाऊ नका. टाकी चार बोल्टवर बसते आणि साठ-सत्तर वर्षांत ती किती वेळा बदलली असेल याचा काही नेम नाही. एकमेकांना टेकवलेल्या तीन बंदुकांचं बीएसएचं चिन्ह असलेली टाकी भलत्याच गाडीवर चढवलेली आपल्याकडे सर्रास दिसते. रंग, सीट, मडगार्ड, हँडल, सायलेन्सर यांचंही तेच. क्रँककेस, चेसिस, गिअरबॉक्सचं कवच आणि पुढचा फोर्क हे चार भाग आधी ओळखा. बाकीचं नंतर.

३. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर कुठे शोधायचे?

इंजिन नंबर जवळपास सगळ्या कंपन्यांचा क्रँककेसवर, डाव्या अंगाला, सिलिंडर जिथे बसतो त्याच्या लगेच खाली असतो. तिथे एक छोटी सपाट जागा ठेवलेली असते. चेसिस नंबर मात्र कंपनीगणिक हलतो. ट्रायम्फ, नॉर्टन आणि रॉयल एनफील्डवर आधी हेडस्टॉक बघा, म्हणजे हँडलचा दांडा ज्या नळीतून जातो ती. मॅचलेस-एजेएसचा उजव्या बाजूला, सीटच्या नाकाखालच्या लगवर (चेसिसच्या नळ्या जोडणारा ओतीव तुकडा) असतो, आणि तो न सापडल्याने "नंबरच नाही" असं म्हणणारे बरेच आहेत. बीएसएचा मॉडेलप्रमाणे हेडस्टॉकवर नाहीतर समोरच्या खालच्या इंजिन माउंटिंगच्या लगवर.

शोधताना वायर ब्रश, ग्राइंडर, सँडब्लास्टिंग यांतलं काहीही नंबराजवळ नेऊ नका. रंगाचे सात-आठ थर असले तर पेंट रिमूव्हर लावा, लाकडी काडीने खरवडा, मग खडूची पूड चोळून कपड्याने पुसा. खोलगट अक्षरांत पूड राहते आणि नंबर वाचता येतो. टॉर्च समोरून न मारता बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. गाडी पावडर कोटिंगला द्यायची असेल तर त्याआधी नंबरांचे फोटो आणि कागदावर पेन्सिलने घासून ठसा, दोन्ही घेऊन ठेवा. कोटिंग झाल्यावर उथळ पंच पार बुजून जातो.

४. नंबर सापडला. त्यावरून मॉडेल आणि साल कसं वाचायचं?

आकड्यांआधीची अक्षरं बघा, मॉडेल तिथेच असतं.

बीएसएच्या इंजिनावर 'डब्ल्यूएम२०' असेल तर ती युद्धकाळातली ५०० सीसी साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरच्या बाजूला). 'केएम२०' असेल तर त्याच मॉडेलची १९३९ ची गाडी. मॅचलेस-एजेएसने युद्धानंतर वाचणाऱ्याचं काम सोपं केलं: '४९/जी८०' म्हणजे १९४९ ची मॅचलेस ५००. जी३एल म्हणजे मॅचलेस ३५०, १६ म्हणजे एजेएस ३५०, १८ म्हणजे एजेएस ५००. शेवटी एस असेल तर मागे स्प्रिंग फ्रेम, सी असेल तर स्पर्धेसाठीची. नॉर्टनने युद्धानंतर वर्षाला अक्षर दिलं: ए म्हणजे १९४६, बी १९४७, असं पुढे, मात्र आय आणि ओ गाळून. म्हणून १९५३ चं एच आणि १९५४ चं थेट जे. ट्रायम्फवर मॉडेलच लिहिलेलं असतं: ५टी स्पीड ट्विन, ६टी थंडरबर्ड, टी१०० टायगर, टी१२० बॉनव्हिल.

इथे एक गोम आहे. ब्रिटिश कारखान्यांचं वर्ष जानेवारीत सुरू होत नसे. नोव्हेंबरच्या प्रदर्शनात पुढच्या साली विकायच्या गाड्या दाखवायच्या, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच पुढच्या हंगामाचं उत्पादन चालू व्हायचं. त्यामुळे १९५२ च्या ऑक्टोबरात बनलेली गाडी १९५३ चं मॉडेल असू शकते, आणि दोन्ही सालं खरी असतात.

५. माझ्या ट्रायम्फच्या नंबराआधी नुसती दोन अक्षरं आहेत, मग मॉडेल. ही काय भानगड?

मग गाडी १९६९ च्या हंगामातली किंवा त्यानंतरची. पहिलं अक्षर महिन्याचं, दुसरं हंगामाच्या वर्षाचं. महिने असे: ए जानेवारी, बी फेब्रुवारी, सी मार्च, डी एप्रिल, ई मे, जी जून, एच जुलै, जे ऑगस्ट, के सप्टेंबर, एन ऑक्टोबर, पी नोव्हेंबर, एक्स डिसेंबर. वर्षं: सी १९६९, डी १९७०, ई १९७१, जी १९७२, एच १९७३, जे १९७४. 'एनसी' असेल तर ऑक्टोबर १९६८, हंगाम १९६९ चा (प्र. ४ मधली गोम). त्या काळातल्या बीएसएवरही हीच पद्धत आहे, कारण ट्रायम्फ १९५१ पासून बीएसएच्याच मालकीची होती.

६. नंबर गंजून गेलाय. नुसत्या इंजिनाकडे बघून कंपनी कळते का?

बहुतेक वेळा कळते, आणि खरं सांगायचं तर नंबरापेक्षा हे जास्त भरवशाचं. नंबर कोणीही पंच करतो, ओतकाम बदलणं सोपं नाही.

आधी सिलिंडरच्या डोक्याकडे बघा. हेड म्हणजे नुसतं पट्ट्यांचं सपाट झाकण असेल, वर रॉकरची पेटी नसेल, बाजूला उभ्या नळ्या नसतील तर इंजिन साइड व्हॉल्व्ह. आपल्याकडे ती बहुधा बीएसए एम२० नाहीतर नॉर्टन १६एच. दोन्ही पाचशेच्या घरातल्या, पण माप वेगळं: एम२० ची बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८२ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ९४ मिमी, म्हणजे ४९६ सीसी. नॉर्टनची ७९ बाय १००, म्हणजे ४९० सीसी.

वर रॉकर असेल आणि सिलिंडर एकच असेल तर पुशरॉड, म्हणजे खालच्या कॅमपासून वरच्या रॉकरपर्यंत जाणारे दांडे, कुठून वर जातात ते बघा. उजव्या बाजूला दोन स्वतंत्र नळ्या दिसल्या तर मॅचलेस किंवा एजेएस. दोन्ही पुशरॉड एकाच रुंद नळीतून जात असतील तर बीएसएची बी मालिका, म्हणजे बी३१ किंवा बी३३. बाहेर नळीच नाही, पुशरॉड सिलिंडरच्या ओतकामातूनच जातात, आणि वेगळी ऑइलची टाकी नसून ऑइल भरायचं झाकण क्रँककेसवरच आहे, तर रॉयल एनफील्ड. हा शेवटचा पुरावा मला सगळ्यात आवडतो. दहा फुटांवरून दिसतो आणि सहसा चुकत नाही.

जोड सिलिंडरच्या गाड्यांत ट्रायम्फला दोन कॅमशाफ्ट, एक पुढे आणि एक मागे. म्हणून पुशरॉडची चकचकीत नळी सिलिंडरच्या पुढेही दिसते आणि मागेही, आणि रॉकरच्या पेट्या दोन. टायमिंग कव्हर तिकोनी. बीएसएच्या ए७ आणि ए१० मध्ये कॅमशाफ्ट एकच, तीही मागे, त्यामुळे पुढून सिलिंडर मोकळे दिसतात. नॉर्टन डॉमिनेटरची एकच कॅमशाफ्ट पुढे असते. मॅचलेस-एजेएसच्या जोड इंजिनात दोन्ही सिलिंडर आणि दोन्ही हेड सुटी असतात, आणि क्रँकला मधोमध तिसरं बेअरिंग.

७. एम२० आणि एम२१ बाहेरून सारख्याच दिसतात. फरक कसा काढायचा?

हेड खोलून. एम२१ म्हणजे ५९१ सीसीची, साइडकार ओढायला केलेली बहीण. बोअर दोन्हींची ८२ मिमी, स्ट्रोक मात्र एम२० चा ९४ आणि एम२१ चा ११२. पिस्टन अगदी खाली आणून सिलिंडरच्या कडेपासून खोली मोजा, मग अगदी वर आणून मोजा. वजाबाकी हाच स्ट्रोक. अठरा मिलिमीटरचा फरक साध्या पट्टीनेही कळतो.

बोअर मोजून घोटाळा करू नका. जुनं इंजिन एकदा तरी रिबोअर झालेलंच असतं. चाळीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) मोठी केलेली ८२ ची बोअर ८३ मिमी भरते आणि लोकांना वाटतं हे भलतंच मॉडेल. पिस्टनच्या माथ्यावर २०, ४० किंवा ६० पंच केलेलं असेल तर तेवढे थाऊ वजा धरा. स्ट्रोक कधी बदलत नाही.

८. गाडी मिलिटरी डिस्पोजलची आहे असं घरचे सांगतात. खात्री कशी करायची?

घरचे बहुधा बरोबर असतात. दुसऱ्या महायुद्धात बीएसएने सव्वा लाखाच्या आसपास एम२० बनवल्या, मॅचलेसने जी३ आणि जी३एल मिळून ऐंशी हजारांच्या घरात. त्यांतल्या भारतात आलेल्या गाड्या युद्ध संपल्यावर लिलावात निघाल्या आणि नागरी नंबर घेऊन रस्त्यावर आल्या.

बघायचं ते असं. इंजिनावर डब्ल्यूएम२० सारखं लष्करी अक्षर. ओतकामावर किंवा लगवर कोंबडीच्या पायासारखा तीन रेघांचा बाण, हे ब्रिटिश लष्करी मालमत्तेचं चिन्ह. टाकीवरचा रंग थरथर उतरवला तर खाली खाकी-हिरवट रंग आणि त्यावर सी अक्षराने सुरू होणारा लांबलचक आकडा निघतो. हा लष्कराचा मोजदाद क्रमांक, आणि तो सापडणं म्हणजे नशीबच. म्हणून टाकी डेंटिंगला देण्याआधी हाताने, पाणी-पेपरने, एकेक थर काढा. एकदम रिमूव्हर ओतलात तर ही पाटी कायमची गेली.

आणखी एक खूण लोक दोष समजून काढून टाकतात. १९४२ मध्ये मलाया जपानच्या हातात गेल्यावर रबराचा तुटवडा पडला, तेव्हा बऱ्याच एम२० पायाला नुसते लोखंडी फुटरेस्ट आणि हँडलला कॅनव्हासच्या मुठी लावून कारखान्यातून निघाल्या. "रबर कोणीतरी चोरलं" असं समजून नवीन रबर चढवू नका, आधी बघा. धुळीच्या मुलखासाठी टाकीला लागून मोठा चौकोनी एअर फिल्टर बसवत असत. त्याच्या जागेसाठी टाकीच्या बाजूला दिलेला खोलगटपणा हाही पुरावा.

९. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर जुळत नाहीत. मला फसवलंय का?

इतक्यात भांडायला जाऊ नका. बीएसएचे नंबर साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत कारखान्यातूनच वेगवेगळे निघत. इंजिनाची मालिका वेगळी, चेसिसची वेगळी, जोडी फक्त कारखान्याच्या वहीत. मॅचलेस-एजेएसचंही तसंच. बीएसए एम२० चे दोन्ही नंबर तंतोतंत एक असतील तर उलट तिथे संशय घ्या.

ट्रायम्फचं उलटं. पन्नाशीच्या दशकापासून दोन्ही नंबर एकच, त्यामुळे वेगळे निघाले तर इंजिन किंवा चेसिस बदललंय. युद्धानंतरच्या नॉर्टनमध्येही जोडी जुळायला हवी.

लष्करी गाड्यांना हा नियम लावायचाच नाही. मोठ्या दुरुस्तीला वर्कशॉपात गेलेल्या दहा गाड्यांची इंजिनं एका बाजूला, चेसिस दुसऱ्या बाजूला, आणि जी आधी तयार झाली ती बसवून गाडी पाठवून दिली. त्या गाडीचा हा इतिहासच आहे. अशा गाडीची जोडी 'जुळवण्यासाठी' चांगलं इंजिन काढून फेकणारा माणूस नुकसानच करतो.

१०. आरसी बुकात १९४७ आहे आणि जाणकार म्हणतात गाडी १९४२ ची. खरं कोणतं?

दोन्ही. आरसीतलं साल पुष्कळदा पहिल्या नागरी नोंदणीचं असतं, कारखान्याचं नाही. डिस्पोजलच्या गाड्यांत चार-पाच वर्षांचं अंतर नेहमीचंच. आरसीतल्या 'मेक'च्या रकान्यावरही फार विसंबू नका, कारकुनाने "बीएसए ५०० सीसी" एवढंच लिहून मोकळं झालेलं असतं. उपयोग होतो तो जुन्या नंबराचा. बीएमने सुरू होणारी मालिका महाराष्ट्र व्हायच्या आधीच्या मुंबई राज्यातली, म्हणजे नोंदणी १९६० पूर्वीची असण्याचा तो धागा. तो नंबर जपा.

११. आमची बुलेट इंग्लंडची की मद्रासची?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि उत्तर बहुतेकांना नको असलेलं असतं. बहुतेक बुलेट मद्रासच्याच.

हकीकत अशी. स्प्रिंग फ्रेमची ३५० बुलेट रॉयल एनफील्डने इंग्लंडमधल्या आपल्या रेडिचच्या कारखान्यातून १९४९ च्या हंगामासाठी आणली. भारतीय लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी ती घेतली, आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया उभी राहिली. सुरुवातीला रेडिचहून सुट्या भागांचे संच यायचे आणि इथे फक्त जुळणी व्हायची. हळूहळू साचे आणि यंत्रसामग्री इकडे आली आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला सगळे भाग इथे बनू लागले. म्हणून १९५६-५७ च्या 'मद्रास' बुलेटमध्ये इंजिनापासून चाकापर्यंत इंग्लिश माल असतो. तिला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, मी तिला दोन्ही म्हणतो.

ओळखायची युक्ती ही की मद्रासने पंचावन्नच्या आसपासचा नमुना धरला आणि तो वर्षानुवर्षं सोडला नाही. रेडिचमध्ये मात्र बुलेट बदलत गेली: छप्पन्नपासून चार्जिंगला ऑल्टरनेटर आला, पुढे चाकं लहान झाली आणि ठिणगीसाठी मॅग्नेटोच्या जागी कॉइल आली. तेव्हा सत्तरच्या दशकातली नोंदणी आणि रूप पंचावन्नचं, तर मद्रास. हेडलाइटच्या कवचातच स्पीडोमीटर आणि ॲमीटर बसवलेली टोपी चोपन्नपासूनची. तिच्याऐवजी सुटा, गोल हेडलाइट असेल आणि तो मूळचा असेल तर गाडी त्याआधीची, म्हणजे रेडिचची. हेडलाइट बदलणं मात्र अर्ध्या तासाचं काम आहे, तेव्हा कंसाची भोकं बघा. विजेच्या सामानावर लुकास-टीव्हीएस असं नाव किंवा मिककार्ब कार्बोरेटर दिसला तर तो भाग भारतीय. पण भागच, गाडी नव्हे.

ब्लॉकची मापं (३५० ला ७० बाय ९०, ५०० ला ८४ बाय ९०) दोन्हीकडे एकच, त्यावरून काही ठरत नाही.

१२. एजेएस आणि मॅचलेस एकच का? माझ्याकडे बिल्ला एकाचा, नंबर दुसऱ्याचा आहे.

मॅचलेसवाल्या कॉलिअर बंधूंनी १९३१ मध्ये एजेएस विकत घेतली आणि दोन्ही गाड्या लंडनच्या प्लमस्टेड कारखान्यात बनू लागल्या. युद्धानंतर टाकी आणि बिल्ला सोडला तर फरक नावापुरता. एक खूण मात्र पक्की: १९५१ च्या हंगामापर्यंत एजेएसचा मॅग्नेटो सिलिंडरच्या पुढे, मॅचलेसचा मागे. १९५२ पासून दोन्हींचा पुढे. त्यामुळे ४८ ची गाडी, मॅग्नेटो मागे आणि टाकीवर एजेएस, तर टाकी उसनी आहे.

१३. कार्बोरेटर, मॅग्नेटो आणि स्पीडोमीटर मूळचे आहेत का ते कसं कळेल?

या तिघांवर आपापली जन्मखूण असते.

अमालच्या कार्बोरेटरच्या तीन पिढ्या लक्षात ठेवा. फ्लोटची वाटी बाजूला सुटी असेल आणि अंगावर २७४, २७६ किंवा २८९ असा आकडा असेल तर जुनी पिढी. वाटी बाजूलाच पण त्याच ओतकामात, आकडा ३७५, ३७६ किंवा ३८९, तर मोनोब्लॉक, पन्नाशीच्या मध्यापासूनचा. वाटी बरोबर खाली, आकडा ६०० किंवा ९०० च्या घरातला, तर कॉन्सेंट्रिक, १९६७ पासून. युद्धातल्या एम२० वर मोनोब्लॉक दिसला तर तो नंतरचा. गाडी कदाचित त्याने बरी चालत असेल, ठेवा हवं तर. आकड्यानंतरच्या तिरप्या रेघेपुढचा क्रमांक तो कार्बोरेटर कोणत्या मॉडेलसाठी सेट केला होता हे सांगतो.

लुकासच्या सामानावर मॉडेलचं नाव आणि महिना-वर्ष पंच केलेलं असतं. एम२० वर एमओ१ मॅग्डायनो (मॅग्नेटो आणि डायनॅमो एकत्र) हवा, जोड सिलिंडरवर बहुधा के२एफ. ५३ च्या गाडीवर '४ ५३' असा मॅग्नेटो निघाला तर सोन्याहून पिवळं. '९ ५८' निघाला तर बदललेला.

स्मिथ्सचा जुना क्रोनोमेट्रिक स्पीडोमीटर चालू गाडीवर लगेच ओळखू येतो: काटा सरकत नाही, टप्प्याटप्प्याने उडी मारतो. लोक तो बिघडला समजून दुरुस्तीला नेतात, पण त्याचं काम तसंच चालतं. साठच्या दशकाच्या मध्यात तो जाऊन काटा सुळसुळीत फिरणारा मॅग्नेटिक आला. डायलवर खाली बारीक अक्षरांत एसने सुरू होणारा कोड असतो, तो मॉडेलशी ताडून बघता येतो.

गिअरबॉक्सही बघा. रॉयल एनफील्डला अल्बियनचा, न्यूट्रल शोधायच्या वेगळ्या छोट्या दांड्यासकट. मॅचलेस-एजेएसला १९५६ पर्यंत बर्मनचा.

१४. माझ्याकडचा एकही पाना नीट बसत नाही. नट बदललेत की मूळचे?

पाना बसत नाही ही चांगली बातमी आहे. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांना व्हिटवर्थ मालिकेचे पाने लागतात. त्यांच्यावरचं माप नटाच्या बाहेरच्या चपट्या बाजूंचं नसून आतल्या बोल्टच्या जाडीचं असतं, म्हणून आकडा वाचून गोंधळ होतो. आट्यांत बीएसएफ, व्हिटवर्थ आणि सायकल थ्रेड, म्हणजे इंचाला २६ किंवा २० आटे, असा मिश्र संसार. विजेच्या बारीक स्क्रूंना बीए. बीएसए आणि ट्रायम्फ साठच्या दशकाच्या अखेरीस युनिफाइड आट्यांकडे वळल्या.

एखाद्या जागी तेरा किंवा सतराचा मेट्रिक पाना चपखल बसला तर तो नट-बोल्ट नंतरचा. आणि मूळ भोकात मेट्रिक बोल्ट दाबून घातला असेल तर आटे गेलेले आहेत हे धरून चाला. लेथवर मूळ मापाचा बोल्ट करून घेणं महाग नाही, क्रँककेस नव्याने भरून आटे पाडणं महाग आहे.

१५. चोर बाजारात किंवा जुन्या बाजारात मिळालेला पार्ट अस्सल की नकली?

मुंबईत मटण स्ट्रीट असो की पुण्यातला जुना बाजार, विक्रेता प्रत्येक वस्तूला 'ओरिजनल' म्हणणार. हातात घेऊन बघा. मूळ टाकीचा पत्रा जाड, शिवण आतून सुबक. नवीन टाकी हलकी लागते आणि बोगद्याची रुंदी चेसिसला घासते. मूळ घडीव भागांवर पार्ट नंबर असतो. बीएसएमध्ये ६५ ने सुरू होणारा बी मालिकेचा, ६६ ने एम मालिकेचा, ६७ ने जोड सिलिंडरच्या ए मालिकेचा. ट्रायम्फमध्ये ई इंजिनाला, टी गिअरबॉक्सला, एफ चेसिसला, एच फोर्कला, डब्ल्यू चाकाला.

दोन अडचणी येतात. कंपनी तोच भाग दोन मॉडेलना वापरायची, तेव्हा ए१० वर ६५ चा भाग असणं चूक नाही. आणि ओतकामात उठवलेला आकडा म्हणजे साच्याचा नंबर, तो पार्टच्या यादीत सापडत नाही म्हणून भाग नकली ठरत नाही.

१६. एकाने बीएसए गोल्ड स्टार विकायला काढलीय, भाव ऐकून घाम फुटला. खरी कशी ओळखायची?

भाव जितका मोठा तितका पंच स्वस्त, एवढं धरून चला. गोल्ड स्टार हे नाव १९३७ साली इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर ताशी शंभर मैलांवर फेरी मारल्याबद्दल मिळालेल्या सोन्याच्या तारेवरून आलं. युद्धानंतरच्या इंजिनांवर झेडबी, बीबी, सीबी, डीबी किंवा डीबीडी, मग ३२ किंवा ३४ आणि शेवटी जीएस असं असतं. बी३३ च्या इंजिनावर 'डीबीडी३४जीएस' पंच करायला पाच मिनिटं लागतात, म्हणून नंबर सोडा आणि हे बघा: बी३३ चा सिलिंडर बिडाचा, गोल्ड स्टारचा ॲल्युमिनियमचा. चुंबक सोबत न्या. स्विंगिंग आर्मच्या गोल्ड स्टार चेसिसच्या उजव्या खालच्या नळीला ऑइल पंपाचा फुगवटा बसावा म्हणून मुद्दाम दिलेला एक खड्डा असतो, साध्या चेसिसला तो नसतो. चेसिसचा नंबर सीबी३२ ने सुरू व्हावा. सीबी३१ असेल तर ती साध्या बी३१-बी३३ ची.

बॉनव्हिलचा तसाच खेळ. टीआर६ किंवा ६टी ला दोन कार्बोरेटरचं हेड चढवायचं आणि टी१२० पंच करायचं. १९६९ पासून ट्रायम्फने नंबराच्या जागी कंपनीच्या नावाची बारीक नक्षी उठवलेली ठेवली. घासलं की ती नक्षी जाते आणि चोरी उघडी पडते. त्याआधीच्या गाड्यांसाठी पुढचा प्रश्न वाचा.

१७. नंबर पुन्हा पंच केलाय का हे कसं कळतं?

सपाट जागा आजूबाजूच्या ओतकामापेक्षा खाली गेली असेल, तिच्यावर कानशीच्या एकाच दिशेच्या रेघा दिसत असतील, किंवा ती बाकीच्या क्रँककेसपेक्षा जास्त चकचकीत असेल तर सावध. कारखान्यात हाताने पंच मारत, त्यामुळे अंक थोडे वरखाली असणं साहजिक. उलट लेझरने कोरल्यासारखी सरळ ओळ संशयास्पद. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या, खात्रीच्या गाडीवरच्या ३, ४ आणि ७ ची वळणं ताडून बघा. ॲसिड लावून जुना नंबर उठवणं फॉरेन्सिकवाल्यांचं काम आहे, घरी करून पुरावा घालवू नका.

१८. ट्रायम्फचं इंजिन आणि चेसिस नॉर्टनचं निघालं. ही कुठली गाडी?

चेसिस मजबूत दुहेरी नळीची फेदरबेड असेल तर ही ट्रायटन. कारखान्याने अशी गाडी कधीच बनवली नाही, पन्नास-साठच्या दशकात तरुण पोरांनी आणि छोट्या गॅरेजांनी बनवल्या. सीटजवळ चेसिस रुंद असेल तर ती १९६० पूर्वीची, तिथे चिंचोळी असेल तर नंतरची. इंजिनाचं साल वेगळं काढा, चेसिसचं वेगळं, आणि कागदावर दोन्ही लिहा. बेळगावच्या वर्कशॉपात एनफील्डचं इंजिन एम२० च्या चेसिसवर चढवलेलं असेल तर मात्र तिला ट्रायटनचा मान नाही.

१९. अशा गाडीची महाराष्ट्रात विंटेज नोंदणी होते का? मूळ नंबर जातो का?

होते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकीला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेला क्रमांक मिळतो. नवीन नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. आधीच नोंदणी असलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते, आणि ठेवावाच. अट ही की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको, आणि विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला नेता येत नाही. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर जुना इंजिन नंबर असेल तर आधी तो बदल आरटीओत नोंदवून घ्या. आरसीशी जुळवायला इंजिनावर पंच मारणं हा गुन्हा आहे, मिस्त्री कितीही सहज म्हणाला तरी.

२०. कारखान्याच्या वहीत माझी गाडी सापडेल का?

पुष्कळदा. बीएसएच्या बऱ्याच नोंदी ब्रिटनच्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे आहेत. नॉर्टन, एजेएस-मॅचलेस आणि रॉयल एनफील्डच्या मालक-संघांकडे आपापल्या. नंबरांचा फोटो आणि ठसा (प्र. ३) पाठवला तर गाडी कधी आणि कोणत्या व्यापाऱ्याकडे किंवा देशात रवाना झाली ते कळतं. लष्करी गाड्यांसाठी कंत्राटाचा क्रमांकही मिळू शकतो. ट्रायम्फच्या युद्धापूर्वीच्या गाडीबद्दल फार आशा ठेवू नका: नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बफेकीत कव्हेंट्रीचा कारखाना जळाला.

२१. क्रँककेसवर नंबरच नाही. घासलेलाही नाही, जागा कोरीच आहे.

घाबरू नका, चोरीचीच असेल असं नाही. कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेस फुटली की कारखाना बदली क्रँककेस कोरी पाठवायचा आणि जुना नंबर व्यापाऱ्याने पंच करायचा असे. कुणी ते केलं, कुणी राहू दिलं. जागेवर ओतकामाचा मूळ खरखरीतपणा तसाच असेल तर ही शक्यता धरा. मग ओळख प्र. ६ च्या पद्धतीने पटवा, चेसिस नंबरावरून वहीत मूळ इंजिन नंबर शोधा (प्र. २०), आणि आरसीवर तोच असेल तर आरटीओच्या लेखी परवानगीशिवाय हातोडी उचलू नका.